एका क्षणासाठी बांधलेल्या खोल्या : नेव्हाडा ते ट्रिनिटी, पाच दिवसांचा प्रवास

पहिला दिवस, मंगळवार : लास व्हेगास

लास व्हेगासच्या फ्लेमिंगो रस्त्यावर राष्ट्रीय अणुचाचणी संग्रहालय आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात बहुतेक पाहुणे आधी त्या काळोख्या दालनाकडे वळतात, जिथे काँक्रीटच्या बंकरसारख्या सजवलेल्या खोलीत बाकांवर बसवून पडद्यावर स्फोट दाखवतात, बाके हादरवतात आणि अंगावर वाऱ्याचा झोत सोडतात. आम्हीही बसलो. माझ्याबरोबर माझा भाचा होता. तो विद्युत अभियंता आहे आणि या पाच दिवसांची गाडी त्यानेच चालवली. मी स्थापत्य अभियंता. उभा जन्म पाण्याच्या टाक्या, पंपघरे आणि छोटे पूल बांधण्यात गेल्यामुळे अणुस्फोटाचे कोणतेही छायाचित्र पाहिले की माझी नजर ढगावरून खाली घसरते आणि प्रश्न पडतो, की हे टिपणारा कॅमेरा कुठे ठेवला होता, ती खोली कुणी बांधली आणि तिथे काम करणाऱ्या माणसांना पाणी कुठून आणले. या प्रवासाचा हेतू तेवढाच होता.

पहिले उत्तर एका भिंतीवरच्या कृष्णधवल छायाचित्रांत मिळाले. रॅपाट्रॉनिक नावाच्या कॅमेऱ्याने घेतलेली ही चित्रे आहेत. हॅरोल्ड एजर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ईजी अँड जी या कंपनीकडे चाचण्यांचे छायाचित्रण आणि स्फोटाच्या वेळेचे नियंत्रण अशी दोन्ही कामे होती. कोणतीही यांत्रिक पाकळी इतक्या वेगाने उघडमीट करू शकत नसल्यामुळे या कॅमेऱ्यात चुंबकीय क्षेत्राने प्रकाशाची ध्रुवणदिशा फिरवून वाट उघडत आणि बंद करत, आणि सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात एकच चित्र मिळे. एका चित्रातला अग्निगोल अजून बॉम्ब ठेवलेल्या मनोऱ्याच्या माथ्यावरच आहे आणि त्याच्या बुडातून खालच्या बाजूला सुळ्यांसारखी टोके निघाली आहेत. ती टोके म्हणजे मनोऱ्याला ताणून धरणारे पोलादी दोर. अग्निगोल पोहोचण्याआधीच त्याच्या प्रकाशाने दोरांची वाफ केली आहे. कुणीतरी त्या दोरांचा ताण मोजून, खुंट्यांचे काँक्रीट ओतून, ते पुरेसे वाळेपर्यंत थांबून मगच पुढचे काम केले असणार, हे पाहताना माझ्या मनातून जाईना.

उपकरणांची कोठडी बांधणाऱ्यापुढची अडचण या चित्रांपुढे उभे राहिले की नीट समजते. कॅमेऱ्याला स्फोट दिसला पाहिजे, म्हणजे भिंतीला स्फोटाच्या दिशेने डोळा हवा. पण ज्या वाटेने प्रकाश येतो त्याच सरळ रेषेतून गामा किरणही येतात आणि फिल्म काळी करून टाकतात. त्यामुळे प्रकाश आरशावरून काटकोनात वळवून आत घ्यायचा, फिल्म भिंतीआड ठेवायची, तिच्याभोवती शिसे रचायचे आणि डोळ्यावर जाड काच बसवायची, अशी रीत पडली. दार नेहमी पाठीच्या बाजूला आणि स्फोटाकडच्या अंगाला मातीचा उतरता भराव, म्हणजे धक्क्याची लाट भिंतीवर आपटण्याऐवजी उतारावरून वर चढून जाईल. सुदैव एवढेच, की सगळी संकटे एकदम येत नाहीत. प्रकाश आणि गामा किरण तत्काळ येतात, हवेतली लाट मागून येते. नोंद व्हायची ती बहुतेक त्या मधल्या अवधीतच होऊन जाते, आणि लाट आल्यावर कोठडीने फक्त फिल्म सांभाळायची असते.

याचा सर्वांत बोलका नमुना शेजारच्याच भिंतीवर होता. १७ मार्च १९५३ रोजी ॲनी या १६ किलोटनांच्या (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी ताकद) चाचणीत ३,५०० फुटांवर एक दुमजली लाकडी घर बांधले होते. त्याच्या नाशाची चित्रमालिका जगभर छापली गेली: आधी भिंतीवरचा रंग धुमसतो, मग घर वाकते, मग काहीच उरत नाही. पहिल्या ते शेवटच्या चित्रापर्यंत सुमारे सव्वादोन सेकंद गेले. त्या चित्रांना प्रकाश फक्त बॉम्बचा मिळाला होता आणि कॅमेरा २ इंच जाडीच्या शिशाच्या आवरणात बंद होता. घर पडले ते सर्वांना आठवते. शिशाची पेटी ज्या आधारावर बसवली होती तो तसूभरही हलला नाही, याची आठवण माझ्यासारख्यालाच.

दुसरा दिवस, बुधवार : मर्क्युरी, फ्रेंचमन फ्लॅट, यक्का फ्लॅट

नेव्हाडातल्या अणुचाचणीक्षेत्राची सार्वजनिक सहल विनाशुल्क असते, पण तिच्यासाठी फार आधी अर्ज करावा लागतो आणि ओळखपत्रांची छाननी होते. मोबाइल, कॅमेरा, दुर्बीण यांतले काहीही बरोबर नेता येत नाही. त्यामुळे या दिवसाचे माझ्याकडे एकही छायाचित्र नाही. वहीत काढलेल्या वेड्यावाकड्या रेघा तेवढ्या आहेत.

बस सकाळी शहरातून निघाली आणि ९५ क्रमांकाच्या महामार्गाने सुमारे ६५ मैल वायव्येला जाऊन मर्क्युरीच्या फाटकाशी थांबली. बिल्ले तपासून झाले. आमचे वाटाडे आयुष्यभर इथेच नोकरी करून निवृत्त झालेले वयस्कर गृहस्थ होते आणि त्यांचा बोलण्याचा ओघ थेट कामाच्या साइटवरच्या मुकादमासारखा होता, म्हणजे कुठल्याही गोष्टीची सुरुवात ‘इथे पूर्वी काय होते’ यापासून.

क्षेत्र सुमारे १,३६० चौरस मैलांचे आहे. वेस्टर्न शोशोनी लोक ही भूमी १८६३ च्या रूबी व्हॅली तहाचा आधार घेऊन आजही आपली मानतात. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी डिसेंबर १९५० मध्ये जागेला मंजुरी दिली आणि २७ जानेवारी १९५१ रोजी विमानातून टाकलेल्या बॉम्बने फ्रेंचमन फ्लॅटवर पहिली चाचणी झालीसुद्धा. मंजुरी आणि पहिले काम यांत जेमतेम सहा आठवडे! आमच्या खात्यात एवढ्या वेळात निविदेची जाहिरातही निघत नसे. अर्थात विमानातून बॉम्ब टाकायला मनोरा लागत नाही, त्यामुळे पहिल्या फेरीत कामचलाऊ सोयींवर भागले. खरे बांधकाम त्याच वर्षापासून वाढत गेले. १९९२ पर्यंत इथे ९२८ चाचण्या झाल्या, त्यांपैकी १०० वातावरणात आणि ८२८ जमिनीखाली.

मर्क्युरी हे या सगळ्याचे पाठबळ. तंबू आणि लाकडी बराकींपासून वाढत गेलेल्या या वसाहतीत निवासगृहे, खानावळ, दवाखाना, टपालघर, चित्रपटगृह, बोलिंगची जागा असे सगळे होते. पाणी खोल विहिरींचे. सुतार, गवंडी, विजेचे कारागीर, बोगदे खणणारे, ड्रिल चालवणारे यांना कामावर ठेवून सांभाळण्याचे काम रेनॉल्ड्स इलेक्ट्रिकल अँड इंजिनिअरिंग या कंपनीने कित्येक दशके केले. साठीच्या दशकात भर कामाच्या दिवसांत क्षेत्रावर दहा हजारांच्या आसपास माणसे असत. बॉम्बची रचना करणारे शास्त्रज्ञ चाचणीपुरते येत आणि परतत. वर्षभर इथे राहणारा माणूस कारागीर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंद पडलेल्या आणि नव्याने बांधलेल्या इमारती एकमेकींच्या शेजारी दिसत होत्या. वाटाड्यांनी बोट दाखवून ‘इथे उत्तम स्टेक मिळायचा’ असे सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज सबंध दिवसात प्रथमच हळवा झाला.

फ्रेंचमन फ्लॅट हे कोरड्या तळ्याचे पात्र आहे. टेबलासारखे सपाट, वाळले की दगडासारखे कडक आणि पाऊस पडला की चिखल. सपाटी हे मोजमाप करणाऱ्याला वरदान आहे, कारण शून्यबिंदूपासून, म्हणजे स्फोटाच्या जागेपासून, कोणत्याही दिशेला ठरावीक अंतरांवर उपकरणे मांडली तर मध्ये उंचवटा येत नाही आणि लाट सर्वत्र सारखी पसरते. इथे २४ जून १९५७ रोजी प्रिसिला ही ३७ किलोटनांची चाचणी झाली. बॉम्ब फुग्याला टांगून ७०० फुटांवर नेला होता. मनोऱ्याऐवजी फुगा वापरला, की पोलादाची वाफ होऊन ती किरणोत्सारी धुळीत मिसळत नाही आणि अग्निगोल जमिनीला कमी भिडतो. बांधकामवाल्यांचा त्यात आणखी एक फायदा होता: दर चाचणीला शेकडो फुटी मनोरा उभारून घालवायचा नाही. तरीही मनोऱ्यांची हौस संपली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी स्मोकी ही चाचणी ७०० फुटी मनोऱ्यावर झाली.

प्रिसिलासाठी तळ्याच्या पात्रात जणू बांधकामांचे प्रदर्शनच मांडले होते, आणि त्याचे अवशेष बसच्या खिडकीतून दिसतात. ॲल्युमिनियमचा घुमट पायाखाली आलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा चेपला आहे. जाड काँक्रीटचे घुमट उभे आहेत. रेल्वेपुलाच्या पोलादी तुळया एका बाजूला वाकल्या आहेत, आणि त्या वाकण्यात एक प्रकारची शिस्त आहे. सगळ्या एकाच दिशेला, उभ्या पिकावरून वारा जावा तशा. मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले ते मॉस्लर कंपनीच्या बँक तिजोरीपाशी. तिजोरीचे पोलाद शाबूत राहिले. तिच्याभोवतीचे काँक्रीट मात्र एका अंगाने सोलून निघाले आणि आतल्या सळया उघड्या पडून मागे वळल्या आहेत. सळईभोवतीचे काँक्रीट सुटते ते गंजाने, पाण्याने, हलक्या मालाने, वर्षानुवर्षांच्या हेळसांडीने. हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. इथे तेच काम एका लाटेने एका झटक्यात केले होते आणि सळया मात्र गंजाविना कोरड्या हवेत अजून तशाच होत्या.

याच मैदानावर ८ मे १९५३ च्या एन्कोर चाचणीसाठी १४५ पाँडेरोसा पाइन वृक्ष बाहेरून आणून काँक्रीटमध्ये रोवले होते. जंगलावर काय परिणाम होतो ते पाहायचे, पण वाळवंटात जंगल नाही. म्हणून जंगल बांधायचे. या कामाचा कार्यादेश कुणी कोणत्या शीर्षाखाली लिहिला असेल, हे भाच्याला विचारले तर तो म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही निवृत्त झालात हे तुम्हाला अजून पटलेलं नाही.’’

फ्रेंचमन आणि यक्का या दोन मैदानांमधल्या खिंडीत नियंत्रणकेंद्राची पसरट काँक्रीटची इमारत आहे. सर्व तारा इथे येत आणि इथूनच जात. स्फोटाआधीच्या ठरावीक क्षणांना येथून आपोआप इशारे सुटत आणि प्रत्येक कोठडीतली यंत्रे आपापल्या पाळीने जागी होत: आधी ज्यांना तापायला वेळ लागतो ती, मग फिल्म फिरवणाऱ्या मोटारी, अगदी शेवटी वेगवान कॅमेरे. माणूस तोवर कोठड्यांतून निघून गेलेला असे, त्यामुळे एखादी जोडणी सैल राहिली असेल तर ती राहिलीच. त्या खिंडीजवळ न्यूज नॉब नावाची टेकडी आहे. २२ एप्रिल १९५२ रोजी तिथून पत्रकारांनी चार्ली ही चाचणी पाहिली आणि दूरचित्रवाणीवर ती थेट दाखवली गेली. बसायची लाकडी बाके अजून आहेत, उन्हाने पांढुरकी पडलेली आणि तडकलेली.

यक्का फ्लॅटवर चाललेल्या बसमधून दोन्ही बाजूंना खचलेल्या जमिनीची विवरे दिसतात. वाफ झालेल्या खडकाची पोकळी निवली, की वरचा थर तिच्यात कोसळतो आणि हा कोसळ वर वर चढत पृष्ठभागापर्यंत येतो. ऑक्टोबर १९६३ पासून वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार लागू झाला आणि अमेरिकेचे सर्व काम जमिनीखाली गेले. त्याबरोबर उपकरणांच्या कोठडीचा घाटही पालटला. आता डोळा आकाशाकडे नको होता. शेकडो फूट खोल, काही फूट रुंदीची सरळ विहीर खणायची, बॉम्ब आणि मोजणीची उपकरणे एका लांब पोलादी सांगाड्यात बसवून खाली सोडायची, त्यावर वाळू आणि खडी थराथराने भरून मध्ये मध्ये पक्की बुचे बसवायची, आणि सांगाड्यापासून वरपर्यंत जाडजूड केबलांचा जुडगा आणायचा. नोंद करणारी यंत्रे वर, जमीन खचण्याच्या संभाव्य वर्तुळाबाहेर, धक्का शोषणाऱ्या आधारांवर बसवलेल्या चाकांच्या ट्रेलरांत. पक्की भिंत जाऊन चाकांवरची पेटी आली, आणि तिच्यात ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विद्युतसंकेत रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोर रोखलेले कॅमेरे.

इथे भाच्याची पाळी होती आणि त्याने बसमध्ये माझ्या वहीत गणित मांडून दाखवले. केबलमधून संकेत प्रकाशाच्या साधारण दोनतृतीयांश वेगाने जातो. अडीच हजार फुटांची केबल धरली, तर वर पोहोचायला त्याला जवळपास चार मायक्रोसेकंद लागतात. साखळी अभिक्रियेच्या, म्हणजे एका अणूचे विभाजन पुढच्यांचे विभाजन घडवत जाते त्या क्रियेच्या, शेवटच्या पिढ्या याच्या कितीतरी कमी वेळात होऊन जातात. शास्त्रज्ञ त्यासाठी शेक हे एकक वापरतात, आणि एक शेक म्हणजे दहा अब्जांश सेकंद. म्हणजे संकेत ट्रेलरात पोहोचतो तेव्हा तो पाठवणारे उपकरण जगात नसते. शिवाय प्रत्येक केबलची लांबी ठाऊक नसेल तर कोणता संकेत आधीचा आणि कोणता नंतरचा हेच कळणार नाही. त्यामुळे इथे केबल मोजणाऱ्याची फूटपट्टी हेच खरे घड्याळ. आणि केबल ही गळतीची वाटही असते. तिच्या आवरणातून, तारांच्या मधल्या फटींतून किरणोत्सारी वायू वर येऊ शकतो, म्हणून ठरावीक अंतरांवर तिच्या आत वायुरोधक ठेवावे लागत.

हे सगळे नीट पाळूनही चूक होऊ शकते, याचे उदाहरण १८ डिसेंबर १९७० च्या बेनबेरी या १० किलोटनांच्या चाचणीचे. सुमारे ९०० फूट खोलीवर स्फोट झाला आणि काही मिनिटांतच विहिरीपासून थोड्या अंतरावर जमीन फाटून किरणोत्सारी ढग वर आला. त्या ठिकाणच्या मातीत पाण्याने भरलेल्या चिकणमातीचे प्रमाण फार होते आणि ते आधी ओळखले गेले नव्हते. भूगर्भाची तपासणी अपुरी राहिली तर काय होते, याचा याहून महाग धडा माझ्या वाचनात नाही. ढग गेला तो कामगारांच्या बारा क्रमांकाच्या छावणीकडे. सुमारे ९०० माणसांना तिथून हलवले आणि ८६ जणांवर किरणोत्साराचा थर बसल्याचे आढळले. त्यांच्यातले दोघे १९७४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेले. न्यायालयाने सरकारचा निष्काळजीपणा मान्य केला, पण आजार त्यामुळेच झाला हे मान्य केले नाही. त्यानंतर प्रत्येक जागेच्या भूगर्भाची तपासणी फार कडक झाली. छावणी मात्र चाचणीच्या इतक्या जवळ का होती, याचे कारण साधे आहे, आणि ते प्रत्येक साइटवर तेच असते: माणसांना रोज लांबून आणणे परवडत नाही.

सेडान विवराच्या काठावर लाकडी चौथरा बांधला आहे. ६ जुलै १९६२ रोजी १०४ किलोटनांच्या स्फोटाने इथून सुमारे १ कोटी २० लाख टन माती उडवली आणि १,२८० फूट व्यासाचा, ३२० फूट खोल खड्डा तयार झाला. अणुस्फोटाने बंदरे आणि कालवे खणता येतील का, हे पाहण्याचा तो प्रयोग होता. मातीकामाचा दर लावण्याचा मोह मला होतो तसा तेव्हाच्या अभियंत्यांनाही झाला असणार. उडालेली माती मात्र दूरवर जाऊन लोकांच्या अंगणात पडली, आणि ती कोणत्याही दरपत्रकात बसत नाही.

परतताना अ‍ॅपल-२ या ५ मे १९५५ च्या चाचणीचे लाकडी घर पाहिले. मनोऱ्यापासून सुमारे दीड मैलावर असलेले हे घर रंग उडालेले, खिडक्यांच्या भोकांसह उभे आहे. त्यानंतर आइसकॅपचा मनोरा. १९९३ च्या वसंतात करायच्या चाचणीची तयारी इथे चालू होती. १९९२ च्या ऑक्टोबरात चाचण्या थांबवण्याचा कायदा झाला आणि काम जिथे होते तिथे थांबले. दीडशे फुटांहून उंच मनोरा विहिरीच्या तोंडावर अजून उभा आहे, आत उपकरणांचा सांगाडा टांगलेला आहे आणि ट्रेलरांच्या जागेकडे जाणाऱ्या केबली जमिनीवर पसरल्या आहेत. मी अर्धवट सोडलेली कामे पुष्कळ पाहिली, पण निधी संपून किंवा ठेकेदार पळून गेलेली. हे काम अर्धवट राहिल्याचे पाहून पहिल्यांदाच बरे वाटले.

तिसरा दिवस, गुरुवार : रस्ता

किंगमनवरून पूर्वेला वळून ॲरिझोना ओलांडत आल्बुकर्की गाठायला सारा दिवस गेला. वाटेत आम्ही ज्या जागा पाहता येणार नव्हत्या त्यांच्याविषयी बोलत होतो, म्हणजे मार्शल बेटांतली एनिवेटोक आणि बिकिनी. नेव्हाडात निदान रस्ता होता. तिथे सिमेंट, सळई, गोडे पाणी आणि माणूस हे सगळे हजारो मैलांवरून जहाजाने आणायचे. लॉस एंजेलिसच्या होम्स अँड नार्व्हर या कंपनीकडे तिथल्या बांधकामाची जबाबदारी होती. बेटे इतकी अरुंद, की एका बेटावर स्फोट आणि दुसऱ्यावर नोंद अशी विभागणी करावी लागे आणि मधल्या उथळ पाण्यात भराव घालून बांध काढावे लागत.

१ नोव्हेंबर १९५२ च्या माइक या १०.४ मेगाटनांच्या (एक मेगाटन म्हणजे हजार किलोटन) चाचणीसाठी तर सुमारे ९,००० फूट लांबीची प्लायवूडची चौकोनी नळी बांधली होती आणि ती हेलियमने भरली होती. हवेत अडखळणारे किरण हेलियममधून जवळपास विनाअडथळा दूरच्या बंकरपर्यंत जावेत, म्हणून. जवळजवळ पावणेदोन मैलांचे सुतारकाम, प्रत्येक सांधा वायू न गळेल असा, आणि आयुष्य सेकंदाच्या नगण्य भागाचे! त्या स्फोटात एलुगेलाब हे बेटच नाहीसे झाले. १ मार्च १९५४ च्या ब्राव्होच्या वेळी अंदाज चुकला आणि स्फोट १५ मेगाटनांचा झाला. एन्यू बेटावरच्या बंकरमध्ये बसून स्फोट घडवणारी तुकडी तिथेच अडकली, कारण बाहेर किरणोत्सारी धूळ पडत होती; काही तासांनी हेलिकॉप्टरने त्यांना काढले. बंकरच्या जाड भिंतींनी त्या माणसांना वाचवले. रोंगेलाप बेटावरच्या रहिवाशांसाठी कुणी बंकर बांधला नव्हता.

चौथा दिवस, शुक्रवार : आल्बुकर्की ते सोकोरो

ऐंशी मैलांच्या आतला प्रवास आणि विश्रांती. संध्याकाळी सोकोरोच्या मुक्कामात ट्रिनिटीच्या, म्हणजे १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीच्या, तळछावणीविषयीची टिपणे वाचली. १९४४ च्या शेवटी तिथे पहिले लष्करी पोलीस राहायला आले. स्थानिक विहिरीचे पाणी इतके क्षारयुक्त होते, की पिण्याचे पाणी ट्रकने आणावे लागे. मे १९४५ मध्ये जवळच्या तळावरून सराव करणाऱ्या बाँबफेकी विमानांनी छावणीच लक्ष्य समजून दोनदा सरावाचे बॉम्ब टाकले. एक सुतारकामाच्या शेडवर पडला, एक तबेल्यावर. जगातल्या पहिल्या अणुचाचणीच्या छावणीवर बॉम्ब पडले ते स्वतःच्याच सैन्याचे. कुणाला इजा झाली नाही, म्हणून हसता येते.

पाचवा दिवस, शनिवार : ट्रिनिटी

व्हाइट सँड्स क्षेपणास्त्रक्षेत्रातली ही जागा सर्वांसाठी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडते. सॅन अँटोनियोवरून पूर्वेला जाऊन स्टॅलियन फाटकाशी पोहोचलो तेव्हा गाड्यांची रांग दूरवर लागली होती. फाटकाबाहेर किरणोत्सारी धुळीने बाधित झालेल्या कुटुंबांतली माणसे फलक धरून उभी होती. आत आणखी १७ मैल.

१६ जुलै १९४५ ला पहाटे साडेपाचच्या सुमारास इथे १०० फुटी पोलादी मनोऱ्यावर स्फोट झाला. त्याआधी, ७ मे रोजी, लाकडी माचीवर १०० टन टीएनटी रचून रंगीत तालीम केली होती. उपकरणे, तारा, वेळेचे इशारे यांतल्या चुका तेव्हाच कळल्या. मुख्य चाचणीसाठी उत्तर, पश्चिम आणि दक्षिण दिशांना १०,००० यार्डांवर तीन बंकर बांधले. लाकडी चौकट, काँक्रीटने भक्कम केलेल्या भिंती आणि वर मातीचा जाड थर. दक्षिणेकडचा बंकर नियंत्रणासाठी होता आणि बॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपनहायमर तिथे होते. तेवढ्या अंतरावर लाट पोहोचायला सुमारे अर्धे मिनिट लागले. कॅमेऱ्यांच्या काही पेट्या मात्र ८०० यार्डांवरच होत्या, पोलाद आणि शिशाने मढवलेल्या, जाड काचेच्या डोळ्यांच्या. जवळच्या कित्येक उपकरणांची नोंद अपेक्षेपेक्षा तीव्र किरणांमुळे वाया गेली. पुढे नेव्हाडात आणि प्रशांत महासागरात बांधलेल्या कोठड्यांत शिसे वाढत गेले, आरसे आले, अंतरे बदलली, ती या वाया गेलेल्या नोंदींमुळे.

वाहनतळाजवळ जम्बो आहे. २१४ टनांची ही पोलादी टाकी बाबकॉक अँड विलकॉक्स कंपनीने केली होती. स्फोट फसला, तर प्लुटोनियम वाया जाऊ नये म्हणून बॉम्ब तिच्यात फोडायचा बेत होता. पोप नावाच्या रेल्वेच्या थांब्यावर तिला उतरवले आणि ६४ चाकांच्या गाडीवर घालून वाळवंटातून आणले. मग खात्री वाढली, बेत बदलला आणि तिला ८०० यार्डांवर एका मनोऱ्यात टांगून ठेवले. मनोरा मोडून पडला; जम्बोला काही झाले नाही. आज तिची दोन्ही टोके उडालेली आहेत, ती नंतर तिच्यात फोडलेल्या साध्या बॉम्बांमुळे. मुले तिच्यातून इकडून तिकडे धावत होती. मी आत उभा राहून कडेच्या जाडीवर तळहात ठेवला. पोलादाच्या एकावर एक गुंडाळलेल्या पट्ट्यांचे थर कडेला उघडे पडून चिरलेल्या झाडाच्या कड्यांसारखे दिसतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हातही आतली बाजू गार लागते.

कुंपणाच्या आत काळ्या लाव्हादगडाचा स्तंभ आहे. सगळी गर्दी त्याच्यापाशी छायाचित्रांसाठी रांग लावून उभी होती. त्याच्यापासून थोड्या पावलांवर जमिनीतून वर आलेला एक खुंट आहे, जेमतेम नजरेत भरेल एवढा. मनोऱ्याच्या चार पायांपैकी एकाच्या पायाचे काँक्रीट, आणि त्यातून डोकावणाऱ्या सळया. मनोऱ्याचा वरचा भाग वाफ होऊन गेला, भोवतालची वाळू वितळून हिरवी काच झाली, आणि जमिनीत ओतलेले हे एवढे काँक्रीट राहिले. कडेने खडी उघडी पडली आहे. मिश्रण चांगले होते.

बाहेर पडताना, शून्यबिंदूच्या पश्चिमेला रस्त्याच्या कडेला उपकरणांच्या एका बंकरचे अवशेष दिसतात. तिथे कुणीच थांबले नव्हते. मी गाडी थांबवायला लावली. मातीच्या उंचवट्यात अर्धे बुडालेले ते बांधकाम पाहायला पाच मिनिटे पुरतात, पण मी त्याच्याजवळ पाठ करून स्तंभाच्या दिशेला तोंड करून उभा राहिलो, कोठडीने पाहिले असते तसे. मध्ये एकही उंचवटा नव्हता. जागा निवडणाऱ्याने हीच रेषा पाहून खुंटी ठोकली असणार. मी पावलांनी अंतर मोजायला सुरुवात केली आणि चाळीसपर्यंत आलो, तेवढ्यात भाच्याने गाडीतून हाक मारली, ‘‘मामा, मागे दोनशे गाड्या उभ्या आहेत.’’